तांबं घासताना तांबं जातं कुठं?

पितळेच्या भांड्यात ताक ठेवू नये, ते कळकतं, हे आपल्याकडे कुणाला मुद्दाम सांगावं लागत नाही. त्याच भांड्याला चिंच चोळली की ते लख्ख होतं, हेही नाही. या दोन गोष्टी आपण डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो. एक आजीची ताकीद, दुसरी भांडी घासायची युक्ती. पण प्रयोगशाळेत बसून पाहिलं तर दोन्ही एकच आहेत. आंबट पदार्थातलं आम्ल धातूवरचा थर विरघळवतं आणि तांबं आयनांच्या रूपात बाहेर पडतं. चिंचेच्या बाबतीत ते मोरीत वाहून जातं, ताकाच्या बाबतीत पोटात.

माझं पीएचडीचं काम तांब्यावर बसणाऱ्या याच थरांवर आहे. इथे अमेरिकेत हा विषय कळला की दोन प्रकारचे लोक मला गाठतात. मराठी ओळखीतले तांब्याच्या बाटलीबद्दल विचारतात आणि घरी बिअर बनवणारे त्यांच्या तांब्याच्या वेटोळ्याबद्दल. बाटलीचं उत्तर एका ओळीत देता येतं: साधं पाणी ठेवा, लिंबू पिळू नका. वेटोळ्याचं उत्तर जरा लांबतं, आणि ते नीट समजून घेतलं तर घरातल्या बाकीच्या तांब्या-पितळेचंही कळतं. म्हणून आज ते.

(घरी बिअर बनवणं इथे कायदेशीर आहे. १९७८ साली कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५० लिटर बिअर करमुक्त बनवता येते. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणं दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा हे वाचून कुणी गॅस पेटवू नये.)

आधी वेटोळं म्हणजे काय ते. मोड आणून वाळवलेलं जव कोमट-गरम पाण्यात मुरवलं की गोड काढा मिळतो, त्याला वॉर्ट म्हणतात. तो हॉपची फुलं घालून तासभर उकळायचा आणि मग झटपट २० अंशांच्या आसपास थंड करायचा, कारण उकळत्या वॉर्टमध्ये यीस्ट घातलं तर मरून जाईल आणि हळूहळू थंड होऊ दिलं तर नको ते जंतू शिरतील. थंड करायला बरेचजण तांब्याच्या नळीचं वेटोळं वापरतात. ते पातेल्यात बुडवायचं आणि नळीतून नळाचं गार पाणी सोडायचं. तांबं उष्णता फार चांगली वाहून नेतं, वाकवायला सोपं आणि कुठल्याही प्लंबिंगच्या दुकानात मिळतं. शिवाय या धंद्याचं तांब्याशी नातं इतकं जुनं आहे की ब्रिटनमध्ये वॉर्ट उकळायच्या भांड्याला अजूनही ‘कॉपर’ म्हणतात, मग ते भांडं स्टीलचं का असेना.

या वेटोळ्याबाबत सगळ्यांचं निरीक्षण सारखंच असतं: ‘बुडवताना तपकिरी होतं, बाहेर काढलं तेव्हा नव्यासारखं गुलाबी! वॉर्टने आपोआप साफ केलं.’

साफ केलं हे खरं. पण तो तपकिरी थर गेला कुठे?

थर, रंग आणि थोडं गणित

तांबं हवेत ठेवलं की त्यावर आधी क्युप्रस ऑक्साइडचा पातळ थर येतो, तांबूस-तपकिरी. जास्त तापलं किंवा तीव्र क्लोरीनवाल्या पाण्यात पडलं की त्यावर क्युप्रिक ऑक्साइड धरतं, ते काळं. आणि ओल, हवा, आंबट वाफा यांची गाठ पडली की हिरवं-निळं जंगाल येतं. जंगाल हा एकच पदार्थ नव्हे. ओलसर हवेत तांब्याचं कार्बोनेट, खाऱ्या हवेत क्लोराइड, व्हिनेगरच्या वाफेत ॲसिटेट. या ॲसिटेटच्या रंगाला एके काळी इतकी मागणी होती की फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात घरोघरच्या तळघरांत बायका द्राक्षांच्या आंबलेल्या चोथ्यात तांब्याचे पत्रे रचून ते मुद्दाम पिकवत आणि खरवडून विकत. म्हणजे तुमचं ओलं, वॉर्ट चिकटलेलं वेटोळं गॅरेजमध्ये आठवडाभर विसरलात तर तुम्ही नकळत जुना फ्रेंच गृहोद्योग चालवताय.

आता मुख्य मुद्दा, आणि तो बहुतेकांना अनपेक्षित असतो. तांब्याला नुसतं आम्ल फारसं खात नाही. जस्तावर आम्ल टाकलं की हायड्रोजनचे बुडबुडे येतात, तांब्यावर येत नाहीत, कारण तांबं हायड्रोजनपेक्षा ‘उच्चकुलीन’ आहे. शुद्ध धातू विरघळायला आम्लासोबत ऑक्सिजन लागतो. पण ऑक्साइडचं तसं नाही. तिथे ऑक्सिजनने आपलं काम आधीच करून ठेवलेलं असतं. आम्ल आलं की थर सरळ विरघळतो.

यातून दोन गोष्टी निघतात. उकळत्या वॉर्टमध्ये विरघळलेला ऑक्सिजन जवळजवळ नसतो, म्हणून तिथे उघड्या तांब्याची झीज फार कमी होते. वॉर्टचा पीएच ५.२ च्या आसपास असतो, म्हणजे सौम्य आम्ल. तेव्हा वॉर्टमध्ये जे तांबं उतरतं ते मुख्यतः तुम्ही बुडवण्याआधी नळीवर असलेल्या थरातलं. त्या दिवशीची झीज किरकोळ, गेल्या महिनाभराची साठवण मोठी.

किती? ढोबळ हिशेब करू. नेहमीचं वेटोळं २५ फूट नळीचं, बाहेरचा व्यास ३/८ इंच, म्हणजे ७.६ मीटर आणि ९.५ मिलिमीटर. बाहेरचं क्षेत्रफळ येतं ०.२३ चौरस मीटर. त्यावर ५० नॅनोमीटरचा क्युप्रस ऑक्साइडचा थर आहे असं धरू. त्याची घनता पाण्याच्या सहापट आणि वजनाच्या ८९ टक्के तांबं. म्हणजे थरात साधारण ६० मिलिग्रॅम तांबं झालं. घरगुती घाणा १९ लिटरचा असतो. सगळं विरघळलं तर लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या थोडं वर.

तुलनेसाठी, पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे २ मिलिग्रॅम आहे, अमेरिकेत १.३ ला कारवाई सुरू होते, आपल्या भारतीय मानकात जास्तीत जास्त १.५. म्हणजे पातळ तपकिरी थरसुद्धा अगदी नगण्य नाही. आणि काळा, जाड थर याच्या दसपट असू शकतो.

(हा थर आम्ही मोजतो कसा? तांब्याचा तुकडा क्षाराच्या द्रावणात बुडवून उलट दिशेने ठरावीक, अगदी थोडी वीज देतो. ऑक्साइडचं पुन्हा धातूत रूपांतर होत असताना व्होल्टेज एका पायरीवर रेंगाळतं. संपलं की खाली उतरतं. पायरी किती वेळ टिकली त्यावरून ऑक्साइड किती होतं ते कळतं. माझ्या दिवसाचा मोठा भाग ही पायरी उतरायची वाट बघण्यात जातो.)

मग लोक आजारी का पडत नाहीत?

कारण पातेल्यानंतर यीस्ट येतं. यीस्टला तांबं थोडंसं हवंच असतं, पण जास्तीचं झालं तरी त्याची सोय असते. काही आयन पेशीच्या भिंतीला चिकटतात, काही आत जातात आणि तिथे धातू पकडून ठेवणारं एक प्रथिन असतं, त्यात अडकतात. ज्या यीस्टला तांब्याचा जास्त सराव, त्यात त्या प्रथिनाच्या जनुकाच्या जास्त प्रती. शिवाय उकळताना साकळलेली प्रथिनं आणि हॉपचा चोथा यांनाही तांबं चिकटतं. आंबवण संपली की यीस्ट तळाशी बसतं आणि आपण ते टाकून देतो. म्हणजे तांब्याचा बराच भाग गाळाबरोबर जातो.

अमेरिकेच्या अन्न नियमावलीत हे नेमकं दिसतं. पीएच ६ च्या खालच्या पदार्थाला, म्हणजे व्हिनेगर, फळांचा रस, वाइन वगैरेंना, तांबं किंवा पितळ लावायचं नाही असा सरसकट नियम आहे. त्याला एक अपवाद: बिअर बनवतानाच्या आंबवण्याआधीच्या आणि आंबवण्याच्या पायऱ्या. आंबवण झाल्यानंतर अपवाद संपला. तयार बिअरचा पीएच ४.२-४.५ पर्यंत उतरलेला असतो, ती ओतताना हवा मिसळते आणि तांबं पकडायला यीस्ट उरलेलं नसतं. वर तांब्याचे आयन ऑक्सिडेशनला चालना देतात, त्यामुळे बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी शिळी चव लवकर येते. तेव्हा यीस्टच्या आधी तांबं चालेल, यीस्टच्या नंतर नको. मुलामा उडालेली पितळी तोटीसुद्धा नको.

यीस्ट नसतं तेव्हा काय होतं, याचं उदाहरण दुर्दैवाने आपल्याच घरातलं आहे. भारतात लहान मुलांमध्ये यकृताचा एक जीवघेणा आजार होता, इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस. बहुतेक मुलं तीन वर्षांच्या आतली, आणि त्यांच्या यकृतात तांबं नेहमीपेक्षा अनेक पटींनी साठलेलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या शीला भावे आणि आनंद पंडित यांनी ब्रिटनच्या स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर या मुलांच्या घरच्या दुधाचा माग काढला. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या लेखाचा रोख होता कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यांवर. अगदी लहान वयात सुरू केलेलं वरचं दूध या भांड्यांत तापवलं जाई, ठेवलं जाई. दूध काही आंबट नसतं. पण त्यातलं केसीन हे प्रथिन तांब्याचे आयन धरून ठेवतं आणि ते बाळाच्या पोटात घेऊन जातं. यीस्टचं काम इथे उलट झालं: पकडणारं होतं, पण ते टाकून देण्याऐवजी पाजलं जात होतं.

ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्येही असाच आजार होता. १९०० ते १९७४ या काळातली १३८ मुलं नोंदवली गेली आहेत. तिथेही गाईचं दूध, तिथेही कल्हई नसलेली तांब्याची भांडी. भांडी बदलली आणि आजार गेला. आपल्याकडेही स्टील आलं तसा तो दुर्मीळ होत गेला. एकाच प्रकारचं दूध प्यायलेल्या सगळ्या मुलांना हा आजार झाला नाही, त्यामुळे आनुवंशिक कमकुवतपणाचाही भाग असावा असं मानतात. पण हे वाचल्यापासून मी ‘आपले पूर्वज तांब्यातच सगळं करायचे’ हे वाक्य ऐकलं की गप्प बसू शकत नाही. पूर्वज कल्हईवाल्याला हाक मारायचे. तो नवसागर टाकायचा तेव्हा त्यातून सुटणारा अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल आधी ऑक्साइडचा थर काढायचे, मग त्या कोऱ्या धातूवर कथील धरायचं. सगळं शास्त्र त्या धुरात होतं.

आता घासायचं कसं

तांबं उतरणारच असेल तर ते मोरीत उतरू द्या, पातेल्यात नको. म्हणजे आम्लाची अंघोळ बिअर बनवायच्या आधी, त्याच दिवशी.

नळी नुसती फिकट तपकिरी असेल तर फार खटाटोप नको. भांडी धुवायचा साबण, गरम पाणी, मऊ फडकं, मग पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून दहा-पंधरा मिनिटं, आणि भरपूर पाण्याने धुणं. हिरवं किंवा काळं दिसत असेल तर व्हिनेगर तसंच घ्या आणि त्यात चमचाभर मीठ टाका. मिठातले क्लोराइड आयन तांब्याला द्रावणात धरून ठेवतात, त्यामुळे काम पटकन होतं. चिंच-मीठ किंवा लिंबू-मीठ याच कारणाने चालतं. चिंचेतलं टार्टारिक आम्ल उत्तमच, फक्त वेटोळ्याच्या फटींतून तिचे तंतू काढत बसावं लागतं, म्हणून मी व्हिनेगर सुचवते. हिरवं सगळं जाईपर्यंत थांबायचंच. जंगाल सहज विरघळतं आणि त्यात तांबं भरपूर असतं. पोटात गेलं तर मळमळ, उलट्या, मुरडा.

रात्रभर भिजत ठेवू नका. वर सांगितलं तसं धातू खायला आम्ल आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, आणि ते दोन्ही मुबलक मिळतात पाण्याच्या पातळीच्या रेषेवर. अर्धवट बुडवून ठेवलेल्या नळीवर त्याच रेषेवर खाच पडते. बुडवायचं तर पूर्ण बुडवा आणि वेळेवर काढा. धुतल्यावर लगेच कोरडं करा, नाहीतर आम्लाने उघडं पडलेलं तांबं ओल्या हवेत तासाभरात पुन्हा डागाळतं. लगेच वापरणार असाल तर थेट पातेल्यात, उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत. निर्जंतुक ते तिथेच होतं.

काही गोष्टी मात्र टाळाच. ब्लीच तांब्यावर काळा थर आणतं, म्हणजे तुम्ही पुढच्या घाण्यासाठी तांबं साठवून ठेवता. ऑक्सिजनवाल्या कपडे-भांडी पावडरींचं द्रावण चिकट हॉप काढायला चांगलं, पण त्यात थोडाच वेळ ठेवा. स्टीलची घासणी नको, तिचे कण मऊ तांब्यात रुततात आणि गंजतात. शोभेच्या वस्तूंचं पॉलिश नको. त्यात मेण असतं, कधी अमोनिया.

अमोनियाबद्दल दोन शब्द जास्त, कारण वेटोळ्याच्या टोकांना पितळी जोड असतात. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या लष्कराच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप भेगा पडायच्या. इंग्रजीत त्याला नावच ‘सीझन क्रॅकिंग’ पडलं. काडतुसं तबेल्यांत ठेवलेली, घोड्यांच्या लघवीतून अमोनिया, हवेत ओल, आणि ठोकून घडवलेल्या पितळेत आधीचाच ताण. घट्ट आवळलेल्या पितळी जोडात तसाच ताण असतो. त्यामुळे अमोनियावाला क्लीनर घरातल्या काचांसाठी राहू द्या.

पितळेचा आणखी एक प्रश्न म्हणजे शिसं. सहज कातता यावं म्हणून बऱ्याच पितळेत ते थोडं घालतात आणि कातताना ते पृष्ठभागावर पसरतं. जॉन पामर यांच्या ‘हाऊ टू ब्रू’ या पुस्तकातला उपाय इथे सर्रास वापरतात: दोन भाग व्हिनेगर, एक भाग औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, त्यात जोड पाच-दहा मिनिटं. लोण्यासारखा सोनेरी रंग आला की काढायचा. द्रावण हिरवं व्हायला लागलं तर उशीर झाला. पेरॉक्साइड म्हणजे बाटलीबंद ऑक्सिजनच, आम्लाच्या जोडीला तो आला की आता थर नाही, धातूच विरघळतोय. ते फेकून नवं घ्या. हे नव्या जोडाला एकदाच करायचं. आणि म्हणूनच अख्खं वेटोळं या द्रावणात बुडवू नका.

बिअर झाल्यावर वेटोळं बाहेर काढलं की ते गरम असतानाच पाण्याचा जोरदार फवारा मारा. वाळलेलं वॉर्ट काढायला दुप्पट वेळ लागतो आणि त्याखाली ओल धरून जंगाल येतं. डाग जोडांपाशीच पुन्हा पुन्हा येत असतील तर बहुधा डाग देताना वापरलेला फ्लक्स राहिलाय. तो गरम साबणाच्या पाण्याने ब्रशने काढा. मग पूर्ण वाळवून, हवा खेळेल अशा जागी टांगून ठेवा. महिनाभराने ते पुन्हा तपकिरी झालेलं दिसेल. होऊ दे. साठवणीत चकाकी टिकवायला तेल-बिल लावू नका, ते पुढच्या बिअरचा फेस मारतं.

नळीच्या आतलं पाणी बहुतेकजण विसरतात. आत वॉर्ट जात नाही म्हणून तिकडे लक्ष नसतं, पण साचलेल्या पाण्याखाली तांब्याला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात, आणि इथल्या थंडीत गॅरेजमध्ये ते गोठलं तर नळी फुटते. फुटलेलं बाहेरून दिसेलच असं नाही. पुढच्या वेळी नळाचं कच्चं पाणी थंड होत आलेल्या वॉर्टमध्ये झिरपतं आणि सगळा घाणा जातो. तोंडाने किंवा पंपाने पाणी फुंकून काढा. हिवाळ्यानंतर पहिल्यांदा वापरताना एक टोक अंगठ्याने दाबून वेटोळं बादलीत बुडवा आणि दुसऱ्या टोकाने फुंका. बुडबुडे आले तर नवी नळी आणायला हवी.